भूल उतरेपर्यंत पहारा कुणाचा?

कोरोनाच्या साथीत प्रत्येक गावात एक नवे यंत्र येऊन पोचले. बोटाला लावायचा तो चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हा आशाताई तो चिमटा पिशवीत घालून दारोदार फिरल्या. आकडा ९५ च्या वर आला की माणूस निर्धास्त, खाली आला की घरात धावपळ. शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यासुद्धा ‘माझं किती आलं गं?’ असे विचारू लागल्या. पुढे साथ ओसरली आणि ते चिमटे कपाटात गेले. आज काढून पाहिले तर कित्येकांतले सेल फुगलेले निघतील.

पण हे यंत्र कोरोनासाठी जन्माला आलेले नव्हते. जपानमधील ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७४ मध्ये त्यामागची युक्ती शोधून काढली. या यंत्राने जगात सर्वांत मोठे काम केले ते ऑपरेशनच्या खोलीत. भूल दिलेला माणूस बोलत नाही, हाक मारत नाही, जीव घाबरला तरी सांगत नाही. त्याच्या वतीने बोलायला कुणीतरी लागते. तो कुणीतरी आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आहे का, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आत्ताच का? कारण पूर्वी ऑपरेशन म्हटले की लातूर, नांदेड नाहीतर थेट सोलापूर गाठावे लागे. आता सिझर, हर्निया, अपेंडिक्स, हाड बसवणे ही कामे तालुक्यालाच होतात. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दर शंभर बाळंतपणांत २५ सिझर निघाली. त्याआधीच्या पाहणीत ती २० होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. म्हणजे ऑपरेशने वाढणार आहेत, कमी होणार नाहीत. ती जवळ होतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण नातेवाईक विचारतात ते एवढेच, ‘सर्जन कोण? खर्च किती? कार्ड चालतं का?’ ‘भूल कोण देणार आणि तो शेवटपर्यंत थांबणार का?’ असे विचारणारा शंभरात एखादा.

भूल म्हणजे झोप नव्हे

आपण सहज म्हणतो, ‘इंजेक्शन दिलं अन् झोपवलं.’ झोपेत माणसाचा श्वास आपोआप चालतो, कूस बदलते, डास चावला तर हात उठतो. पुऱ्या भुलीत यातले काही राहत नाही. स्नायू सैल करण्याचे औषध दिले की छातीचे स्नायूही थांबतात. मग श्वास डॉक्टरच्या हातातल्या पिशवीवर किंवा यंत्रावर चालतो. तेवढ्या वेळापुरता त्या माणसाचा जीव दुसऱ्याच्या हवाली असतो. श्वास बंद पडून मेंदूला ऑक्सिजन मिळेनासा झाला, तर सुधारायला काही मिनिटेच हातात असतात.

सिझरला बहुतेक वेळा कमरेतून भूल देतात. त्यात बाई जागी असते, म्हणून घरच्यांना वाटते की यात काही जोखीम नाही. तसे नाही. कमरेतल्या इंजेक्शनानंतर पहिल्या काही मिनिटांत रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो. भरल्या दिवसांचे पोट आतल्या मोठ्या शिरेवर दाब देते, त्याने तो आणखी उतरतो. म्हणून त्या वेळी बाईला थोडे डाव्या अंगावर कलते ठेवतात आणि दर एक-दोन मिनिटांनी दाब पाहतात. मळमळले, जीव घाबरला, हाताला मुंग्या आल्या किंवा श्वास जड वाटला तर लाजू नये. ‘डॉक्टर, मला कसंतरी होतंय’ असे लगेच सांगावे. कित्येकदा यंत्राच्या आधी बाईलाच कळते. हे सिझरला जाणाऱ्या सुनेला सासूने आधीच सांगून ठेवावे.

निजामाच्या राज्यातला जुना वाद

भुलीचे शास्त्र फार जुने नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनला मॉर्टन यांनी ईथरची भूल लोकांसमोर दाखवली. पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आले. त्यानंतर काही आठवड्यांत, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. नखासारखी बारीक गोष्ट आणि जीव गेला. तेव्हापासून डॉक्टरमंडळींत वाद सुरू झाला, की भूल देताना लक्ष कशावर ठेवायचे, नाडीवर की श्वासावर?

या वादाचा मोठा अध्याय आपल्या भागाशी जोडलेला आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ बसवले. दुसऱ्या कमिशनचा खर्च निजाम सरकारने उचलला आणि लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर तपासणीसाठी आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला, श्वासाकडे पाहा, नाडीकडे पाहत बसू नका. लॉरी यांच्या हाताखाली त्याच काळात रूपाबाई फर्दुनजी यांनी भूल देण्याचे काम केले. जगातील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

पुढे १९११ मध्ये लेव्ही या इंग्रज संशोधकाने दाखवून दिले की क्लोरोफॉर्मने हृदयही अचानक बंद पडू शकते. म्हणजे हैदराबादचे म्हणणे अर्धे खरे होते. श्वासही पाहायला हवा आणि नाडीही. एका डोळ्याने राखण होत नाही, एवढा धडा शिकायला ६० वर्षे गेली.

किती जीव जात होते याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा देतो. अमेरिकेत १९४८ ते १९५२ या काळात १० रुग्णालयांतील सुमारे सहा लाख भुलींचा हिशेब मांडला गेला. १९५४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दर १,५६० भुलींमागे एका मृत्यूत भुलीचा मोठा हात होता. आज चांगली सोय असलेल्या देशांत हे प्रमाण लाखात एकाच्या आसपास आले आहे. हा फरक औषधांमुळे आणि शिक्षणामुळे पडला, तसाच तो पहाऱ्यामुळे पडला. हार्वर्डशी जोडलेल्या रुग्णालयांनी आपल्याकडचे अपघात तपासले, तेव्हा श्वास नीट चाललेला नाही हे वेळेत कळलेच नव्हते, असे बहुतेक ठिकाणी दिसले. म्हणून त्यांनी काही नियम केले. ते १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर गेले. त्यातला पहिला नियम यंत्राचा नाही, माणसाचा आहे. भूल देणारा जाणकार पूर्ण वेळ त्याच खोलीत हजर पाहिजे. आणि रक्तदाब व नाडी किमान दर पाच मिनिटांनी पाहिलीच पाहिजे.

पॅनेलवरचे काटे

शेतकऱ्याला मॉनिटर समजावून सांगणे अवघड नाही. आपल्या मोटारीच्या पॅनेलवर व्होल्टचा काटा असतो, अँपिअरचा काटा असतो. एकच काटा पाहून मोटार ठीक आहे असे कुणी म्हणत नाही. तसेच हे आहे.

बोटावरचा चिमटा रक्तात ऑक्सिजन किती भरला आहे ते सांगतो. त्याचा टिक-टिक आवाज नाडीबरोबर येतो आणि ऑक्सिजन उतरला की आवाजाचा सूरही उतरतो. त्यामुळे डॉक्टरचे हात दुसऱ्या कामात असले तरी कानाला कळते. पण या चिमट्याच्या मर्यादा आहेत. हात गार पडला, दाब फार उतरला, बोटावर गडद मेंदी किंवा नखाला रंग असला, तर आकडा चुकतो किंवा येत नाही. दुसरे म्हणजे अंगात रक्त कमी असले तरी आकडा ९८ दाखवतो. आलेल्या बैलगाड्या भरलेल्या आहेत एवढेच हे यंत्र सांगते, गाड्या किती आहेत ते सांगत नाही. आपल्याकडे बायांच्या अंगात रक्त कमी, म्हणून ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन तपासणे टाळू नये.

दंडाचा पट्टा रक्तदाब सांगतो, छातीच्या तारा हृदयाची चाल सांगतात. चौथे यंत्र कॅपनोग्राफ. ते बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजते आणि पडद्यावर प्रत्येक श्वासाची रेघ काढते. मोटारीचा आवाज येतो म्हणजे पाणी पडतेच असे नाही. पाइपाच्या तोंडाशी जाऊन पाहावे लागते. कॅपनोग्राफ म्हणजे हे पाइपाच्या तोंडाशी जाऊन पाहणे. श्वासाची नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तर रेघ उठत नाही आणि डॉक्टरला काही श्वासांतच कळते. ऑक्सिमीटर हेच उशिरा सांगतो, कारण आधी दिलेला ऑक्सिजन अंगात साठलेला असतो. पीक पिवळे पडल्यावर पाणी तुटल्याचे कळावे, तसे ते होते. पुऱ्या भुलीसाठी नळी घालायची असेल, तिथे हे यंत्र असणे फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडच्या लहान दवाखान्यांत कमी दिसते ते हेच.

जगातही टंचाई होती. २०१० मध्ये केलेल्या एका अंदाजानुसार जगातील सुमारे ७७ हजार ऑपरेशनच्या खोल्यांत साधा ऑक्सिमीटरही नव्हता. म्हणून २०११ मध्ये ‘लाइफबॉक्स’ ही संस्था स्वस्त आणि टिकाऊ ऑक्सिमीटर पोचवण्यासाठी निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनआधी वाचायची एक यादी तयार केली. ‘ऑक्सिमीटर लावला का, चालतो का’ हा प्रश्न त्या यादीत आहे. दिल्लीसह आठ शहरांत ती यादी वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आले. कागदाच्या एका पानाने एवढे झाले.

फवारणीची गोष्ट लपवू नका

आता आमच्या भावकीतली गोष्ट सांगतो. चुलतभाऊ कपाशीची फवारणी करून तिसऱ्या दिवशी पोट धरून बसला. अपेंडिक्स निघाले. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात रात्री ऑपरेशन झाले. ऑपरेशन संपले, टाके पडले, पण गड्याचा श्वास काही चालू होईना. यंत्राचा श्वास थांबवला की पडद्यावरची रेघ सपाट. बाहेर आम्ही बसलेलो, आत काय चालले आहे कुणाला ठाऊक नाही. भुलीच्या डॉक्टरबाईंना पहाटे दुसऱ्या गावी जायचे होते. त्या गेल्या नाहीत. त्याला गुंगीत ठेवून त्यांनी चार तास श्वास दिला. मग बाहेर येऊन विचारले, ‘याने एवढ्यात फवारणी केली होती का?’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. हे आम्हाला आधी कुणी विचारले नव्हते आणि आम्हीही सांगितले नव्हते.

कारण असे आहे. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके, उदाहरणार्थ मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस, अंगात गेली की रक्तातले एक द्रव्य कमी होते. घाईच्या वेळी श्वासाची नळी घालण्यासाठी स्नायू सैल करणारे जे औषध देतात, ते हेच द्रव्य मोडते. द्रव्य कमी असले की जे औषध पाच-दहा मिनिटांत उतरायचे, ते तासन्‌तास उतरत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण वाचले. पण लक्षणे दिसण्याइतकी बाधा झाली नसली, तरी अंगात विषाचा अंश असू शकतो. म्हणून फवारणी केली असेल तर औषधाच्या नावासकट सांगावे. जमले तर बाटलीवरचे लेबल न्यावे.

भाऊ सकाळी शुद्धीवर आला. बाई एवढेच म्हणाल्या, ‘मशीननं सांगितलं हे खरं. पण मीच निघून गेले असते, तर मशीननं कुणाला सांगितलं असतं?’ या लेखाचे सार त्या वाक्यात आहे.

माणूस कुठे आहे?

यंत्रे पैशाने येतात, माणूस येत नाही. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची तूट सुमारे ८० टक्के दाखवली आहे. सर्जन आहे तर भूलतज्ज्ञ नाही, भूलतज्ज्ञ आहे तर बालरोगतज्ज्ञ नाही. इमारत होते, टेबल येते, दिवा लागतो, आणि भूल देणारा नाही म्हणून अडलेली बाई पुढे पाठवली जाते. यावर तोडगा म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचे जीवरक्षक भुलीचे प्रशिक्षण देण्याची योजना सरकारने आणली. अडलेल्या बाळंतिणीपुरती तरी भूल देता यावी हा हेतू. हेतू योग्य आहे. पण प्रशिक्षण झालेला डॉक्टर ऑपरेशनची सोय नसलेल्या ठिकाणी बदलून गेला, तर सरकारचे पैसेही गेले आणि हातही बसला नाही. बदल्यांचे कागद काढणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

खासगीत चित्र वेगळे. तिथे भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतो. एकाच दिवशी दोन-तीन गावचे दवाखाने करतो. त्याला दोष देऊन भागत नाही, तालुक्यात तो एकटाच असतो. पण एका ठिकाणचा पेशंट पुरता शुद्धीवर येण्याआधी दुसरीकडचा फोन येतो, तिथे धोका सुरू होतो. ऑपरेशननंतरचा पहिला तास राखणीचा असतो. वेदनेच्या इंजेक्शनाने श्वास मंद होतो, जीभ मागे पडते, पोटात रक्त साठू लागले तर नाडी आधी बोलते. त्या तासात कॉटशेजारी चिमटा लावलेला असावा आणि पाहायला शिकलेली सिस्टर असावी. यंत्र कोपऱ्यात आणि त्याचा भोंगा कटकट नको म्हणून बंद, असे असेल तर ते यंत्र नसल्यासारखेच.

गर्दीची शिबिरे हा वेगळा धडा. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायांची नसबंदी केली. नियम दिवसाला ३० चा. त्या जिल्ह्यातील शिबिरांनंतर १३ बाया दगावल्या. कारण म्हणून औषधाचे नाव आले, जंतुसंसर्गाचेही आले, भुलीचे आले नाही. पण प्रत्येक बाईकडे पाहायला वेळच नव्हता, हे त्या आकड्यातच दिसते. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

गावाने काय करावे

पहिले काम घरच्यांचे. ठरवलेल्या ऑपरेशनआधी सहा तास खाणे बंद. दुधाचा चहाही खाण्यातच धरतात. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, पण डॉक्टर सांगतील ते अंतिम. ‘एवढा चहा घेतला तर काय होतं’ म्हणून आईने गुपचूप पाजलेला कप भुलीत उलटून फुप्फुसात जाऊ शकतो. चुकून घेतलाच तर लपवू नये, ऑपरेशन थोडे पुढे जाईल एवढेच. तंबाखू, मिश्री, गुटखा, दारू, दमा, चालू गोळ्या, पूर्वी भुलीत झालेला त्रास, हलणारा दात हे सगळे सांगावे. गुटख्याने तोंड उघडेनासे झाले असेल, तर श्वासाची नळी घालणे अवघड जाते. डॉक्टरला ते आधी कळले तर तो तयारीत राहतो. बोटांची मेंदी आणि नखांचा रंग जमेल तेवढा काढून जावे.

दुसरे, विचारावे. भूल कोण देणार? पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबणार का? नंतर कोण पाहणार? लाइट गेली तर मॉनिटर बॅटरीवर चालतो का, हाताने श्वास द्यायची पिशवी आणि भरलेले सिलिंडर आहे का? हे नम्रपणे विचारावे. चांगला डॉक्टर याचा राग धरत नाही. योजनेतल्या ऑपरेशनात भुलीचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला असतो. ‘भुलीचे वेगळे’ कुणी मागितले तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला सांगावे.

तिसरे, कागद मागावा. भूल देताना दर पाच मिनिटांच्या नोंदीचा तक्ता भरायचा असतो. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. काही विपरीत झाले तर तोडफोडीपेक्षा हा कागद शंभर पटींनी कामाचा आहे. तोडफोड हा २०१० च्या कायद्याप्रमाणे अजामीनपात्र गुन्हा आहे. आणि तोडफोड झालेल्या तालुक्यात नवा भूलतज्ज्ञ येत नाही, मग नुकसान आपल्याच लेकीबाळींचे. पोलीस पाटलांनी हे पोरांना आधीच समजावून ठेवावे.

चौथे काम सरपंच, ग्रामसेवक आणि पंचायत समितीचे. ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत रंगरंगोटी आणि पाण्याच्या टाकीबरोबर चार प्रश्न लावून धरावेत. भूल देणाऱ्याचे पद भरले आहे का? मॉनिटर किती, त्यांतले चालू किती? कॅपनोग्राफ आहे का? ऑपरेशननंतरच्या तासाला सिस्टर नेमलेली आहे का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. तोंडी उत्तर पुढच्या बैठकीपर्यंत टिकत नाही. ग्रामसभेने तसा ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवला, तर त्याला खर्चही येत नाही.

रात्री उभ्या पिकात रानडुकरे शिरतात म्हणून आपण माळ्यावर जागतो. दिवा लावून माळा रिकामा ठेवला तर दुसऱ्या दिवशी काय दिसते, ते सांगायला नको. भुलीतल्या माणसाचेही तसेच आहे. मॉनिटर हा दिवा आहे. माळ्यावर माणूस आहे का, हे आपण विचारायचे आहे.